व्हीआर उपचारात यायचंय? हेडसेट सगळ्यात शेवटी घ्या

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीच्या मदतीने उपचार करण्याच्या क्षेत्रात येऊ पाहणारे बहुतेक जण मला पहिला प्रश्न विचारतात, ‘कोणता हेडसेट घेऊ?’ हेडसेट म्हणजे डोळ्यांवर बसवायचं उपकरण, ज्यात व्हीआरचं, म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचं आभासी जग दिसतं. मी मूळची फिजिओथेरपिस्ट. अर्धांगवायूनंतरच्या पुनर्वसनात काम करता करता व्हीआरकडे वळले आणि पुढे मानसशास्त्रज्ञांच्या जोडीने भीती आणि चिंतेच्या रुग्णांसोबतही काम करू लागले. माझं उत्तर ठरलेलं आहे. हेडसेट सगळ्यात शेवटी घ्या. आधी एक उपचार असा शिका, की हेडसेट बंद पडला तरी तो तुम्हाला करता यावा.

हे सांगण्यामागे कारण आहे. व्हीआर म्हणजे एकच एक औषध नव्हे. वेदना, भीती आणि हालचाल या तिन्ही ठिकाणी ते अगदी वेगळ्या पद्धतीने काम करतं, आणि ती पद्धत कळली नाही तर आपण फक्त खेळ दाखवत बसतो.

आधी वेदना. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी 1990 च्या दशकात भाजलेल्या रुग्णांसाठी व्हीआर वापरायला सुरुवात केली, आणि पुढे त्यांच्यासाठी ‘स्नोवर्ल्ड’ हे बर्फाळ आभासी जग तयार झालं. जखमेचं ड्रेसिंग बदलताना रुग्ण त्या जगात बर्फाचे गोळे फेकत असतो. वेदना जाणवायलाही लक्ष लागतं, आणि ते लक्षच दुसरीकडे गुंतल्यामुळे वेदना कमी जाणवतात. पण हे तत्त्व जुनाट कंबरदुखीला जसंच्या तसं लावता येत नाही. ड्रेसिंग काही वेळात संपतं, वर्षानुवर्षांचं दुखणं संपत नाही. तिथे रुग्णाला श्वासावर लक्ष आणणं, दुखण्याविषयीची भीती ओळखणं, शरीर सैल सोडणं अशी कौशल्यं द्यावी लागतात, म्हणजे हेडसेट काढल्यावरही ती त्याच्याजवळ राहतात. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने नोव्हेंबर 2021 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी ज्या व्हीआर उपकरणाला परवानगी दिली, त्याचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम याच विचारावर, वर्तनोपचाराच्या तत्त्वांवर बांधलेला आहे.

भीतीच्या उपचारात लक्ष दुसरीकडे वळवणं उलट घातकच ठरतं. उंचीची भीती असलेला माणूस आभासी गच्चीच्या कडेला उभा असताना दूर क्षितिजाकडे बघत राहिला, तर तो काहीच शिकत नाही. बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांनी उंचीच्या भीतीवरचा व्हीआर उपचाराचा अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून मूळ सूत्र तेच आहे : भीती वाटते त्या परिस्थितीत पायरीपायरीने जायचं, तिथे थांबायचं, आणि मनाने वर्तवलेलं संकट खरोखर येतं का ते स्वतः पाहायचं. म्हणून हेडसेट घालण्याआधीचा संवाद मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘कड्यावर गेलात तर काय होईल असं वाटतं?’ असं विचारायचं आणि उत्तर रुग्णाच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. ‘पाय लटपटतील आणि मी पडेन,’ ‘श्वास थांबेल.’ अनुभव संपल्यावर तोच कागद समोर ठेवून विचारायचं, ‘यातलं काय झालं?’ उपचाराचा मोठा भाग या दोन प्रश्नांमध्ये घडतो.

मधल्या वेळात तुम्हाला रुग्णाचे डोळे दिसत नाहीत, आणि नवशिक्यांना याची सवय व्हायला वेळ लागतो. एरवी आपण समोरच्याच्या चेहऱ्यावरून किती वाचत असतो, हे तो अर्धा झाकला गेल्यावर कळतं. मग बाकीचं शरीर वाचायला शिकावं लागतं. खुर्चीच्या हाताला घट्ट आवळलेली बोटं, वर चढलेले खांदे, उथळ झालेला श्वास, अचानक थांबलेलं बोलणं, मानेवरचा घाम. रुग्णाला दिसणारं दृश्य शेजारच्या पडद्यावर तुम्हालाही दिसलंच पाहिजे. ती सोय नसेल तर सेशन सुरू करू नका. ‘आत्ता काय दिसतंय?’ हा साधा प्रश्न अधूनमधून विचारा. मिटलेले डोळे त्यातूनच कळतात. भीती 0 ते 100 मध्ये मोजायला सांगा, पण आकडा आणि शरीर यांचा मेळ बसत नसेल तर शरीरावर विश्वास ठेवा.

‘आता तर सगळं आपोआप होतं, मग आमची गरज काय?’ असंही मला विचारलं जातं. ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने 2018 मध्ये उंचीची भीती असलेल्या 100 जणांवर एक चाचणी प्रसिद्ध केली. त्यात उपचार आभासी प्रशिक्षकाने दिला आणि उपचार मिळालेल्यांची भीती सरासरी 68 टक्क्यांनी कमी झाली. निकाल खरोखर मोठा आहे. पण त्या आभासी प्रशिक्षकाचं प्रत्येक वाक्य मनोविकारांच्या उपचारात वर्षं घालवलेल्या माणसांनी लिहिलेलं होतं. याच गटाने सायकोसिसच्या, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाशी नातं तुटणाऱ्या आजाराच्या रुग्णांसाठी ‘गेमचेंज’ हा कार्यक्रम केला. दुकान, बस, रस्ता अशा रोजच्या जागा टाळणाऱ्या रुग्णांसाठी तो होता, आणि त्यात शेजारी एक कर्मचारी हजर असायचा. म्हणजे आपली गरज संपत नाही. कोणी उपचार लिहिण्यात लागतो, कोणी रुग्णाशेजारी उभं राहण्यात.

हालचालीचा उपचार माझ्या स्वतःच्या विषयाचा, त्यामुळे त्यावर जरा जास्त बोलते. अर्धांगवायूनंतर हात परत कामाला लावायचा तर एकच हालचाल शेकडो वेळा करावी लागते, आणि तो कंटाळा हाच पुनर्वसनातला मोठा शत्रू. व्हीआरमध्ये रुग्ण आभासी फळं तोडताना त्या हालचाली कुरकुर न करता करतो. इथपर्यंत सगळं छान. पण गेम फक्त हात कुठे पोहोचला एवढंच मोजतो. रुग्ण कोपर सरळ न करता कंबरेतून पुढे झुकला, खांदा वर उचलला, तरी फळ तुटतं आणि गुण मिळतात. त्याच्या आनंदात चुकीची हालचाल पक्की होत जाते. ही तडजोड ओळखायची नजर रुग्णांसोबत उभं राहून, हाताने आधार देऊन कमवावी लागते. कोणतंही सॉफ्टवेअर ती तुम्हाला देणार नाही. आवळलेल्या मुठीत कंट्रोलर, म्हणजे हातात धरायचं बटणांचं उपकरण, नीट धरता येत नाही, हात ओळखणारे कॅमेरेही बंद मुठीपाशी गोंधळतात. तेव्हा पट्ट्याने कंट्रोलर बांधायचा, उंची बदलायची, की आज व्हीआर नकोच म्हणायचं, हा निर्णय तुमचा असतो.

पुराव्याबद्दल प्रामाणिक राहा, ही माझी कळकळीची विनंती. अर्धांगवायूतल्या व्हीआरवर कॉक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा, 2017 चा आढावा मूळातून वाचा. 72 चाचण्या आणि 2470 रुग्ण पाहून त्यांनी म्हटलं की हाताच्या कामासाठी व्हीआर नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरलं नाही, मात्र नेहमीच्या उपचारात भर म्हणून वापरून उपचाराचा एकूण वेळ वाढवला तर फायदा दिसतो. मला हा निष्कर्ष निराशाजनक वाटत नाही, उलट कामाची दिशा दाखवणारा वाटतो. कोणताही शोधनिबंध वाचताना आधी पाहा, तुलनेच्या गटाला काय मिळालं? काहीच न मिळालेल्या गटाशी तुलना करून जिंकणं सोपं असतं. शिवाय ‘व्हीआर’ म्हणजे नेहमी हेडसेटच असं नाही. 2016 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत पडण्याचा धोका असलेल्या 302 ज्येष्ठांपैकी काहींनी नुसत्या ट्रेडमिलवर, तर काहींनी ट्रेडमिल आणि समोरच्या पडद्यावरच्या आभासी अडथळ्यांसह सराव केला, आणि दुसऱ्या गटात नंतरच्या सहा महिन्यांत पडण्याचं प्रमाण कमी राहिलं. ट्रेडमिल दोन्हीकडे होती, म्हणून तो निकाल मला भरवशाचा वाटतो.

सुरक्षिततेचं शिक्षण पहिल्या दिवसापासून हवं. फिट्सचा इतिहास, मायग्रेन, चक्कर, मानेचं दुखणं, नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया, चेहऱ्यावरची जखम हे सगळं आधी विचारायचं. डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला ती जाणवत नाही, या विसंगतीतून मळमळ होते. म्हणून पहिलं सेशन छोटं, बसून आणि स्थिर दृश्याचं. खुर्ची चाकांची नको. हेडसेट काढल्यावर रुग्णाला लगेच उठवू नका, तोल परत येऊ द्या. लेन्स कोरड्या मऊ कापडाने पुसा, चेहऱ्याला लागणारं आवरण प्रत्येक रुग्णानंतर स्वच्छ करा, आणि हेडसेट उन्हात कधीच ठेवू नका, कारण लेन्समधून एकवटलेलं ऊन आतला पडदा जाळतं.

डेव्हलपर, म्हणजे सॉफ्टवेअर बनवणारे म्हणून येणाऱ्यांनी युनिटी हे आभासी जग तयार करण्याचं सॉफ्टवेअर आणि त्यासाठीची सी शार्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकावीच, पण आठवड्यातला थोडा वेळ वॉर्डात किंवा ओपीडीत परवानगी घेऊन नुसतं बसावं. रुग्णाला तीन बटणं लक्षात राहत नाहीत, अक्षरं मोठी लागतात, आणि थेरपिस्टला एका बोटाने सगळं थांबवता यायला हवं, हे तिथे बसल्यावर आपोआप कळतं. फ्रेम रेट, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, घसरला की गेम खेळणारा वैतागतो, आपल्या रुग्णाला उलटी होते. 2019 मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने आरोग्यातल्या व्हीआर चाचण्यांसाठी तीन टप्पे सुचवले : आधी रुग्णांसोबत बसून रचना, मग सोसवतं का आणि आवडतं का याची छोटी तपासणी, आणि शेवटी तुलनेच्या गटासह चाचणी. नवीन माणसाला प्रवेश सहसा दुसऱ्या टप्प्यात मिळतो, संशोधन सहायक म्हणून. तो घ्या. नोंदी ठेवायची शिस्त तिथेच लागते.

आणि त्या नोंदी जपा. स्टॅनफर्डच्या 2020 च्या अभ्यासात 511 जणांपैकी 95 टक्के लोक केवळ डोकं आणि हात यांच्या पाच मिनिटांहून कमी हालचालींच्या नोंदीवरून ओळखता आले. नाव काढून टाकलेली फाइलही रुग्णाची ओळख सांगू शकते. म्हणून कोणत्याही कंपनीत किंवा प्रकल्पात रुजू होण्याआधी हालचालींच्या नोंदी कुठे साठतात, किती काळ राहतात आणि कोण पाहू शकतं, हे लेखी मागा.