पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं झालं होतं

पार्किंगमध्ये सापडलेलं मांजराचं पिल्लू, साधारण दीड महिन्याचं. पीठ मोजायच्या वाडग्यात बसवून किचनच्या काट्यावर ठेवलं, ५८० ग्रॅम भरलं. पाठीचे मणके बोटांना लागायचे, पोट मात्र टम्म. आई म्हणाली, "अगं, दूध जास्त झालं असेल." गाईचं दूध पाजत होते, ही माझी चूकच, त्यानं उलट जुलाब लागले.

दूध बंद केलं, तरी पोट उतरेना. जेवल्यावर फुगलेलं पोट काही तासांत बसतं, हे दोन दिवस तसंच. मग शीचा ताजा नमुना डबीत घालून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी पोट चाचपून पाणी साठलं नाही ना ते पाहिलं, ताप मोजला. पाणी असतं तर प्रकरण गंभीर होतं. मायक्रोस्कोपखाली गोल जंतांची अंडी दिसली. हे जंत आईच्या दुधातूनही पिल्लांत येतात म्हणे.

पायरँटेलचं पातळ औषध वजनानुसार मोजून, बिनसुईच्या सिरिंजनं, गालाच्या आतून हळूहळू दिलं. (माणसांची गोळी अंदाजानं तोडून देऊ नका.) दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये शिजलेल्या शेवयांसारखे जंत. किळस आली, पण सुटल्यासारखंही वाटलं.

औषध आतड्यातले जंत मारतं, शरीरातल्या अळ्या राहतात, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा डोस. तेव्हा वजन ७९० ग्रॅम. वाडगा मात्र आईनं कायमचा पिल्लाला देऊन टाकलाय.