परसदारी दिवे लावताय? निदान या चुका तरी टाळा

मागच्या अंगणात फरशी बसली, झोपाळा टांगला, की लोक आधी दुकानात जाऊन दिवे पसंत करतात. वायर कुठून येणार, जोड कुठे पडणार, बटण कुणाच्या हाताशी, हे प्रश्न दिवा घरी आल्यावर सुचतात. बाहेरचा दिवा बिघडतो तेव्हा दोष बहुतेक वेळा जोडाचा असतो आणि खापर दिव्यावर फुटतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर तर हे पहिल्याच जुलैत कळतं.

खोक्यावरचा आयपी ६५ वाचून निर्धास्त होणं

आयपी म्हणजे धूळ-पाणी किती अडतं याची खूण. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा ४ असेल तर शिंतोडे चालतात, ५ असेल तर नळीने मारलेलं पाणी, ७ असेल तर एक मीटरपर्यंतच्या पाण्यात अर्धा तास. पण ही हमी ग्लँड, म्हणजे केबल दिव्यात शिरते तिथली रबराची आवळपट्टी, नीट आवळलेली असेल तरच. ग्लँडचं रबर गोल केबलभोवतीच घट्ट बसतं. आपल्याकडे त्यातून तीन सुट्या वायरी ओवतात, त्यांच्यामध्ये फट राहतेच. दिवा तापला की आतली हवा बाहेर जाते. सर आली, दिवा गार झाला, की त्याच फटीतून ओल आत ओढली जाते. काचेवर आतून वाफ दिसते ती हीच. पुढे भिंतीत काळी टेप गुंडाळलेला जोड. जांभ्याची भिंत पावसाळाभर ओल धरून ठेवते आणि टेपचा डिंक सुटतो.

मग जो प्रकार होतो तो घरोघरी सारखाच. पंप लावला की आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळली की सगळी लाइन तोडणारा बोर्डातला स्विच, पडतो. पंप काढून रिवाइंडिंगला जातो, परत येतो, पुन्हा आरसीसीबी पडतो. मग गीझरचं कॉइल बदललं जातं. अंगणातल्या दिव्याकडे कुणी बघत नाही, कारण त्याचं बटण बंद असतं. पण बटण फक्त फेज तोडतं. ओल्या जोडात न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, अर्थिंगला टेकलेली असेल, तर घरातला मोठा लोड चालू होताच परतीचा थोडा प्रवाह त्या वाटेने जमिनीत जातो आणि आरसीसीबी आपलं काम करतो. एक पोलचा एमसीबी (फ्यूजच्या जागी बसणारा स्विच) पाडूनही फरक पडत नाही, तोही फेजच तोडतो. शेवटी कुणीतरी शहाणा ‘आरसीसीबी फार नाजूक आहे’ म्हणून तो बायपास करून जातो. या एका ‘दुरुस्ती’साठी त्या वायरमनला पुन्हा दारात उभं करू नये.

खरी तपासणी अर्ध्या तासाची आहे. मेन बंद करून बाहेरच्या सर्किटची फेज आणि न्यूट्रल दोन्ही बोर्डातून सोडवायच्या. मग मेन चालू करून पंप लावायचा. आता आरसीसीबी टिकला तर चोर बाहेर आहे. पुन्हा मेन बंद करून दिवे आणि ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज देणारा डबा) वेगळे करायचे आणि वायरींना अर्थिंगच्या विरुद्ध ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरीवरचं आवरण गळतंय का हे मोजणारं यंत्र, लावायचा. एक मेगाओहमच्या खाली आकडा आला तर लाइन मधोमध तोडून दोन्ही अर्धे तपासायचे, वाईट अर्धा पुन्हा अर्धा करायचा. हे काम वायरमनचंच आहे, टेस्टर घेऊन स्वतः उतरू नका.

नवीन काम असेल तर बाहेरच्या दिव्यांना स्वतःचा दोन पोलचा (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा), ६ अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ द्या, म्हणजे आरसीसीबी आणि एमसीबी एकाच स्विचमध्ये. तो घरच्या आरसीसीबीच्या आधीतून घ्या, नाहीतर अंगणातल्या ओलीने फ्रिजही बंद पडेल. केबल गोल, तीन कोअरची, १.५ चौरस मिलिमीटर. जोड फक्त आयपी ६५ च्या डब्यात, केबल डब्यात खालून शिरणारी, आत जेल भरलेले कनेक्टर. दिव्यात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं. भिंतीवरच्या दिव्याला सिलिकॉन वरून आणि दोन्ही बाजूंनी लावा, खालची कड मोकळी ठेवा. चारी बाजू बंद केल्या की आत गेलेलं पाणी आतच मुरतं.

एकच मोठा पांढरा फ्लडलाइट

५० वॅट, ६५०० केल्विन (आकडा जितका मोठा, उजेड तितका निळसर), सुमारे पाच हजार ल्युमेन, थेट डोळ्यांत. चोर पळतील म्हणून लावतात. होतं असं की उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना कुंपणापाशी काहीच दिसत नाही. शिवाय निळसर उजेडावर किडे जास्त येतात. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी ताटात पडली की दिवाच बंद करून जेवावं लागतं. २७०० ते ३००० केल्विनच्या पिवळट दिव्यावरही पाखरं येतात, पण कमी. चार बाय पाच मीटरच्या बसायच्या जागेला ३ ते ५ वॅटचे चार-पाच दिवे पुरतात, तोंड खाली केलेले. पायरीला एक-दोन वॅट.

भोक पाडायच्या आधी रात्री खुर्ची टाकून बसा, कुणालातरी एक्स्टेंशनवर दिवा धरायला सांगा. बसल्या जागेवरून एलईडी दिसत असेल तर जागा चुकली. भर दुपारी पेन्सिलीने खुणा करणाऱ्यांना बहुधा पुढच्या महिन्यात भोकं बुजवायची असतात.

१२ व्होल्टची एलईडी पट्टी लांबवर नेणं

६० वॅटची पट्टी १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेते. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर २० मीटर नेली की जाऊन-येऊन ४० मीटर, रोध सुमारे अर्धा ओहम, म्हणजे जवळजवळ अडीच व्होल्ट वाटेतच खर्च. पट्टी मलूल पेटते आणि लोक पट्टीच बदलतात. तोच वॅटेज २४ व्होल्टवर घ्या, घट सव्वा व्होल्टच्या आसपास येते. ड्रायव्हर लोडपेक्षा पाव पट मोठा घ्या आणि पागोळ्यांपासून दूर, हवा खेळेल तिथे बसवा.

बाकीचं थोडक्यात. लॉनखालून साधी वायर नेली की घूस कुरतडते. आर्मर्ड, म्हणजे पोलादी तारांचं कवच असलेली, केबल दोन फूट खोल पुरा, भोवती वाळू, वर विटांचा थर. जमिनीत बसणारा दिवा आयपी ६७ चा हवाच, शिवाय त्याच्याखाली फूटभर खडी, नाहीतर तो चार महिने डबक्यात बसतो. समुद्राजवळ पावडर कोटिंगचं लोखंड नको. पितळ किंवा ३१६ स्टील घ्या, आणि स्क्रूला ग्रीस लावा, पुन्हा उघडायचे आहेत. धातूचा दिवा अर्थिंगशिवाय लावू नका, यावर चर्चा नाही. सोलर दिवे वाटेच्या कडेला ठीक, पण आंब्याच्या सावलीत किंवा आषाढात त्यांच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका.

आणि आकाशकंदिलासाठी वळचणीखाली झाकणवाला एक सॉकेट याच आरसीबीओवर आत्ताच काढून घ्या. नाहीतर दिवाळीत खिडकीतून एक्स्टेंशन येणार, खिडकी अर्धवट उघडी राहणार आणि तुळशीच्या लग्नापर्यंत घरात डास.