कात्री हातात घेण्याआधी: कागदी जंबोची तयारी

कागद छापून, कापून, चिकटवून विमानाचं मॉडेल करायचं, तर आधी विमान ठरवा. माझं मत विचाराल तर एअर इंडियाचं जुनं बोइंग 747, म्हणजेच जंबो. पहिलं 1971 मध्ये आलं, शेवटचं एप्रिल 2024 मध्ये मुंबईहून कायमचं गेलं. खिडक्यांभोवतीच्या त्या लाल महिरपी कागदावर फार छान दिसतात. प्रमाण 1:200 घ्या. खरं विमान 70.66 मीटर लांब, म्हणजे आपलं साधारण 35 सेंटिमीटर. 747-200 या जुन्या प्रकाराचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम 30. टीव्हीशेजारी मावतं. ए4 कागद मात्र 29.7 सेंटिमीटरचाच, त्यामुळे धड तुकड्यांत येणार हे धरून चाला.

छापायला जाताना पेन ड्राइव्हसोबत एक वाक्य पाठ करून जा: ‘शंभर टक्क्यांवरच काढा, पानात बसवू नका.’ बरेच टेम्प्लेट, म्हणजे छापून कापायचे नमुने, अमेरिकी लेटर कागदासाठी आखलेले असतात. तो ए4 पेक्षा थोडा रुंद आणि आखूड. दुकानदार सवयीने ‘फिट टू पेज’ दाबतो. माझ्या पहिल्या विमानाचं शेपूट असंच धडापेक्षा बारीक निघालं आणि ते कळलं चिकटवताना! घरी आल्यावर पट्टीने एक तरी माप तपासाच. धडाला आणि पंखांना 160 ते 200 जीएसएमचा (हे कागदाच्या जाडपणाचं माप) कागद, इंजिनांच्या नळ्यांना 120 चा. नाकाच्या पानाच्या दोन प्रती काढा, पहिली बिघडणारच. इंकजेटची शाई ओल्या बोटाने पसरते, म्हणून लेझर प्रिंट बरी.

कागद एका दिशेने सहज वळतो, दुसऱ्या दिशेने कुरकुरतो. दोन्हीकडे हलकेच वाकवून बघा; नळी सहज वळणाऱ्या दिशेनेच व्हायला हवी. पावसाळ्यात कोरे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी आत टाका.

हत्यारं फारशी लागत नाहीत. नव्या पात्याचा कटर, स्टीलची पट्टी (प्लॅस्टिकची पट्टी पहिल्याच दिवशी सोलवटते), खाली कटिंग मॅट, घडीच्या रेषा दाबायला शाई संपलेलं बॉलपेन, चिमटा आणि फेविकॉल. फेविकॉल बाटलीतून थेट लावू नका, झाकणात काढून टूथपिकने लावा. कापलेल्या पांढऱ्या कडा झाकायला लाल स्केचपेन आणि राखाडी पेन्सिल हाताशी असू द्या.

चाकं हा माझा आवडता भाग. जंबोला एकूण 18 चाकं, आणि 1:200 मध्ये प्रत्येक चाक सहा मिलिमीटरच्या आसपास भरतं. ऑफिसातलं पंचिंग मशीन नेमकं तेवढंच भोक पाडतं! जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून चकत्या पाडा, चार-चार एकावर एक चिकटवा. म्हणजे 72 चकत्या. त्या आदल्या संध्याकाळीच पाडून डबीत भरा. एवढा खटाटोप नको असेल तर चाकं आत घेतलेलं विमान दोऱ्याने छताला टांगा.

राहिली एक रुपयाची तीन-चार नाणी. विमान शेपटावर बसू नये म्हणून ती नाकात चिकटवायची आहेत, तेव्हा नाक बंद करायच्या आधी समोर काढून ठेवा. मी एकदा विसरलो आणि तयार नाक पुन्हा कापावं लागलं.