मॉरिशसचे पाहुणे मूळ गाव शोधायला येणार असतील तर

मॉरिशसहून कुणी पणजोबांचं गाव शोधत कोकणात येणार असेल, तर तिकिटं काढण्याआधी एक कागद मागवा. मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांचं, म्हणजे करारावर मजूर म्हणून नेलेल्यांचं, जुनं दप्तर आहे. त्यात माणसाचा क्रमांक, जहाज, बापाचं नाव, जात, जिल्हा, गाव असं लिहिलेलं असतं. टाइप केलेला दाखला पुरत नाही, मूळ पानाचा फोटो हवा. गावाचं नाव कारकुनाने कानाला आलं तसं इंग्रजीत उतरवलंय, रत्नागिरीचं ‘रटनाघेरी’ होतं. असं नाव डोळ्यांनी वाचू नका, गावातल्या म्हाताऱ्या माणसासमोर दोन-तीन तऱ्हांनी मोठ्याने म्हणा. नुसतं ‘बॉम्बे’ असेल तर बहुधा ते जहाजात चढायचं बंदर, गाव नव्हे. आणि ‘रत्नागिरी’ म्हणजे आजचा जिल्हा धरू नका. सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला, त्यामुळे मालवण, देवगडही त्यातच शोधायचे. सावंतवाडी मात्र तेव्हा वेगळं संस्थान होतं. शिरगावं तर चिपळुणात, रत्नागिरीत, देवगडातही आहेत, म्हणून वाडीचं किंवा कुलदैवताचं नाव घरात कुणाला आठवतंय का, ते पाहुण्यांना आधीच विचारून ठेवा.

आडनावावर विसंबू नका. तिकडे पूर्वजाचं पाळण्यातलं नावच पुढे घराण्याचं आडनाव झालेलं असतं. इथे ‘पांडू’ आडनावाचं घर शोधत फिरलात तर दिवस फुकट.

तलाठ्याकडे धाव घेण्यातही फारसं हाती लागत नाही. खोती गावांत, म्हणजे जिथे खोत सरकारसाठी सारा गोळा करायचा तिथे, जमीन खोताच्या नावावर असायची, कसणाऱ्याचं नाव कागदावर असेलच असं नाही, आणि बोटीने गेलेला माणूस बहुतेक कसणाराच. शाळेचं जनरल रजिस्टर आणि जन्म-मृत्यूची नोंदवही पाहा, पण गेलेल्या माणसासाठी नव्हे, मागे राहिलेल्या भावांच्या नातवंडांसाठी. गुरवाला आणि मानकऱ्यांनाही विचारा.

खरा घोळ होतो तो भावकीत. परदेशी पाहुणा आणि त्याच्यासोबत सातबारा मागणारा गाववाला दिसला की ‘हिस्सा मागायला आले’ ही बातमी पाहुण्यांच्या आधी वाडीत पोचते. म्हणून आठवडाभर आधी देवळात चार घरांना बसवून सांगा, आणि पाहुणे असेपर्यंत जमिनीचा कागद काढूच नका.

वेळ ठरवताना गणपती टाळा. तिकडेही चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, त्यामुळे त्यांना तेव्हाच यावंसं वाटतं. पण कोकण रेल्वेचं आरक्षण मिळत नाही आणि यजमानाला बोलायला सवड नसते. शिमगा बरा, वाटाही सुकलेल्या असतात. फोन करताना दीड तासाचा फरक धरा: इथे सकाळचे नऊ, तिथे साडेसात.

पाहुणे लॉजवर न उतरता घरी उतरले तरी यजमानाने २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणीची ऑनलाइन माहिती भरायची असते. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो पहिल्याच चहाच्या वेळी घेऊन टाका, रात्री रेंज जाते.

मार्च २०२४ मध्ये भारताने मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डाची वाट मोकळी करत असल्याचं जाहीर केलं. तो अर्ज पोर्ट लुईच्या भारतीय उच्चायुक्तालयाकडे, आणि पिढ्यांची साखळी तिकडच्या जन्म-विवाहाच्या दाखल्यांनी जोडायची. सरपंचांनी पत्र हौसेने द्यावं, पण त्यावर कार्ड मिळेल असं कुणी बोलून बसू नये.

बोलताना क्रिओल (तिकडची रोजची बोली), फ्रेंच, इंग्रजी चालतं. मराठी शाळेत शिकलेले असले तर सावकाश बोललेली समजते, मालवणी नाही. संध्याकाळी जाखडीचा नाच ठेवा. तिकडे मराठी घरांत तिलाच ‘झाकरी’ म्हणतात. मधे मृदंग-झांजवाले, भोवती रिंगण, एका पायात चाळ, हे त्यांना समजावावं लागत नाही. पाहुण्यांना रिंगणात जागा राहील इतकं अंगण झाडून घ्या.

निघताना बहुतेकांना गावची मूठभर माती हवी असते. माती, रोपं, बी, ताजं फळ तिकडे विनापरवाना नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात, आणि ते फार लागतं. आधीच सांगून ठेवा. त्याऐवजी लेबल लावलेली सीलबंद आंबापोळी द्या आणि ती उतरल्यावर जाहीर करायला सांगा.