फळ्यावरचे तीन प्रश्न आणि दोन ओळींचे टिपण

नागपुरातील आमच्या फ्लॅट स्कीमच्या फाटकाजवळ, कडुनिंबाखाली, एक जुना फळा टांगलेला आहे. त्यावर मी रोज सकाळी स्वतःच्या दिवसाविषयी दोन ओळी आणि त्यांखाली तीन प्रश्न लिहितो. असा उपक्रम आपल्या इमारतीत सुरू करावयाचा असल्यास प्रथम त्या दोन ओळी लिहाव्यात आणि निदान एक प्रश्न तरी त्यांतूनच काढावा. सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून उचललेला प्रश्न परीक्षेची आठवण करून देतो. घरातल्या वस्तूतून निघालेला प्रश्न मात्र भाजीची पिशवी हातात असलेल्या माणसालाही थांबवतो.

एप्रिलमधील एका सकाळी मी लिहिले होते, ‘काल कूलरला नव्या ताट्या लावल्या. खसाचा वास दरवळेपर्यंत मला उन्हाळा सुरू झाल्यासारखा वाटत नाही.’ त्याखालचा प्रश्न असा होता : मे महिन्यात खोली गार करणारा हाच कूलर जुलैत केवळ चिकचिक का वाढवतो? पाण्याची वाफ होताना ते हवेतील उष्णता घेते, कोरड्या हवेत ही क्रिया झपाट्याने होते आणि पावसाळ्यात हवेत आधीच भरपूर बाष्प असल्याने ती मंदावते, एवढेच त्याचे उत्तर. पण ज्याच्या घरी कूलर आहे त्या प्रत्येकाजवळ स्वतःचा एक सिद्धान्त होता आणि संध्याकाळपर्यंत फाटकापाशी वाद चालू राहिला. दुसऱ्या एका दिवशी आईचा 1955 सालचा शाळेचा दाखला कपाटात सापडला, त्यावर राज्याचे नाव मध्यप्रदेश असे होते. ‘तेव्हा मध्यप्रदेशाची राजधानी कोणती होती?’ या प्रश्नाला बहुतेकांनी भोपाळ असे उत्तर दिले. वास्तविक 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात जाईपर्यंत तो मान नागपूरचा होता, आणि हे उत्तर वाचून सर्वांत जास्त चकित झाले ते जन्मापासून इथेच राहणारे लोक.

तीन प्रश्नांपैकी एक मुलांना जमेल असा असावा : शून्य मैलाच्या स्तंभापाशी घोडे किती? (चार.) दुसरा तर्काने सुटणारा असावा, कारण ज्याला उत्तर माहीत नाही त्यालाही विचार करण्याचा आनंद मिळाला पाहिजे. ‘जमशेटजी टाटांची नागपूरची कापड गिरणी 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली, तिला एम्प्रेस हे नाव का पडले?’ असे विचारल्यास तारखेतच खूण दडलेली असते, कारण त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले. तिसरा प्रश्न कितीही अवघड चालेल.

शब्दरचनेकडे मात्र अधिक लक्ष द्यावे लागते. ‘दीक्षाभूमीवरील धम्मदीक्षा कोणत्या दिवशी झाली?’ असे मी एकदा निष्काळजीपणे लिहिले. कोणी दसरा सांगितले, कोणी 14 ऑक्टोबर, आणि दोन्ही उत्तरे बरोबर होती, कारण 1956 मध्ये दसरा त्याच तारखेला आला होता. ‘कोणत्या इंग्रजी तारखेला’ असे म्हटले असते तर प्रश्न निर्दोष झाला असता. शून्य मैलाचा स्तंभ हाच भारताचा मध्यबिंदू असे गृहीत धरणारे प्रश्नही टाळावेत. देशाचा मध्य कसा मोजायचा, फाळणीपूर्वीच्या सीमा धरायच्या की आजच्या, यावर ते उत्तर बदलते. लिहिण्यापूर्वी स्वतःच्या प्रश्नाला दुसरे बरोबर उत्तर शोधून पाहावे. ते सापडल्यास प्रश्न पुसून नव्याने लिहावा.

टिपणात उपदेश नको, शेजाऱ्यांविषयी तक्रार तर मुळीच नको. पार्किंगवर लिहिण्याचा मोह मला अनेकदा झाला आणि खडू खाली ठेवणेच बरे वाटले. दही लागले नाही, चष्मा फ्रीजमध्ये सापडला, संत्र्यांचा पहिला टोपला दिसला, एवढे विषय वर्षभर पुरतात.

उन्हाळ्यात फळा सहाच्या आत लिहून व्हावा, नऊनंतर तिथे कोणी उभे राहत नाही. उत्तरे दुसऱ्या दिवशी सकाळीच द्यावीत, आणि जुने प्रश्न पुसण्यापूर्वी ती त्यांच्याच समोर लिहावीत. बरोबर उत्तर देणाऱ्यांची नावे मी लिहीत नाही. एकदा लिहिली, तर दोन ज्येष्ठ शेजारी महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. याशिवाय एक दोनशेपानी वही ठेवावी आणि तीत तारीख, प्रश्न, उत्तर व ते कोठे पडताळले ते टिपून ठेवावे. वहीअभावी मी गेल्या वर्षी एक प्रश्न सहा महिन्यांनी पुन्हा विचारला, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरील सातवीतल्या मुलीने खडू घेऊन त्याखाली लिहिले, ‘आजोबा, हे झालंय.’