बाटल्यांच्या खवल्यांचा महाशीर: शिल्प कसे घडवायचे

नदीतल्या जिवांबद्दल काही सांगायचे असेल तर नुसता 'मासा' घडवू नका, एक ठरावीक जात निवडा. महाशीर यासाठी फार चांगला. त्याचे खवले मोठे आणि मोजकेच असतात, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात, ओठ जाड असतात. एवढे नीट जमले की जाणकार लांबूनही ओळखतो.

इथली मापे १२० सेंमी लांबीच्या माशाची आहेत. साहित्य: एक लिटरच्या साधारण ५० प्लास्टिक बाटल्या, पत्र्याचे दोन तेलाचे डबे, ६ मिमीची लोखंडी सळई, ३ मिमीची आणि १ मिमीची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार, बारीक छिद्रांची तारेची जाळी, मोडक्या छत्रीच्या काड्या, सायकलची ब्रेक केबल आणि जुनी ट्यूब. नदीकाठचा कचरा उचलताना जाड हातमोजे घाला. सुया, बॅटऱ्या, कीटकनाशकांचे डबे उचलू नका. बाटलीत गोगलगायी किंवा छोटे खेकडे शिरलेले असतात, ते आधी पाण्यात सोडा. मग बाटल्या साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. आत ओल राहिली तर वास येतोच आणि शेवाळही धरते.

सळई हा कणा. तिच्यावर १० ते १२ सेंमी अंतराने ३ मिमी तारेच्या लंबगोल कड्या बांधा. सर्वांत उंच कडी ३० सेंमीची, पाठीवरच्या पराच्या किंचित पुढे. कड्या लांबीच्या चार तारांनी जोडून वर जाळी ताणा. सांगाडा हलवून बघा. आत्ता डगमगला तर पुढे खवल्यांच्या वजनाने पिळवटणारच, तेव्हा तिरप्या तारा इथेच घाला.

आता खवले, म्हणजे खरे काम. बाटलीच्या सरळ भागातून ६ × ६ सेंमीचे तुकडे कापा, एका बाटलीत सात-आठ बसतात. एक बाजू गोल करा. एका ओळीत सुमारे २५ खवले आणि प्रत्येक अंगाला आठ ओळी धरा. शेपटीकडे ओळी कमी होत जातात, म्हणून एकूण साधारण ३५० लागतात.

खवले चिकटवू नका. ग्लू गनचा गोंद या गुळगुळीत प्लास्टिकवर पकड घेत नाही, दोन उन्हाळी दुपारींत पापुद्रा सुटतो. प्रत्येक खवल्याच्या सरळ कडेपासून ८ मिमी आत दोन छिद्रे पाडा आणि १ मिमी तारेने जाळीला बांधा. छिद्र तापवलेल्या खिळ्याने, मोकळ्या हवेत पाडा. त्याची कड वितळून जाड होते. कटरने पाडलेले छिद्र वाऱ्याने हळूहळू फाटत जाते. सुरुवात शेपटीकडून करा आणि डोक्याकडे या, म्हणजे पुढचा खवला मागच्यावर निम्मा चढतो. उलट लावले तर जाणत्याला ते क्षणात खटकते. वाकवायचे असल्यास हीट गन लांबून फिरवा. हे प्लास्टिक ७० ते ८० अंशांना मऊ पडते, अजून तापले की आक्रसते. पीव्हीसीचा पाइप मात्र कधीही तापवू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

डोक्यावर खवले नसतात, तिथे डब्याचा पत्रा वापरा. प्रत्येक कड ५ मिमी आत दुमडून हातोडीने चेपा, कारण लहान मुले हात लावणारच. ओठांना ट्यूब, मिशांना केबल, परांना छत्रीच्या काड्या आणि त्यावर बाटलीचे प्लास्टिक.

पायाचा खांब ठरवण्याआधी मासा दोरीवर तोलून बघा. डोके जड असल्याने तोल मध्याच्या पुढे येतो. मध्यावरच खांब लावला तर नाक खाली झुकते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे दाखवली पाहिजे. महाशीर पावसाळ्यात प्रवाहाच्या वर जाऊन गोट्यांच्या तळाशी अंडी घालतो. त्याला मुख्य धोका धरणांनी अडवलेली वाट, वाळू-गोट्यांचा उपसा आणि सुरुंग लावून होणारी मासेमारी यांचा आहे. बाटल्यांचाच मासा पाहून लोकांना वाटते, प्लास्टिक उचलले की काम झाले. म्हणून माशाच्या नाकासमोर हातभर अंतरावर, धरण म्हणून, जुन्या पत्र्याची उभी भिंत लावा. पायाशी गोट्यांच्या जागी फुटक्या विटांचे तुकडे पसरा, नदीतले गोटे आणू नका.

फलक तीन ओळींचाच ठेवा: नाव, गरज, धोका. आकडा हवा असेल तर हा द्या: जगभर पाहणीत असलेल्या, गोड्या पाण्यातल्या स्थलांतरी माशांच्या समूहांत १९७० ते २०२० या काळात सरासरी ८१ टक्के घट नोंदली आहे. कावेरी खोऱ्यातला कुबडवाला महाशीर २०१८ पासून 'अतिसंकटग्रस्त' आहे.

शिल्प पाण्यात किंवा पूररेषेच्या आत ठेवू नका. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होऊन त्याचे कण नदीत जातात. शक्यतो सावलीत ठेवा, दर सहा महिन्यांनी खवले वाकवून बघा आणि कडकडणारे बदला.