डायोडचं करंट-व्होल्टेजचं नातं घरी कसं मोजायचं : एक 4007, चार रेझिस्टर आणि 9 व्होल्टची बॅटरी

सिलिकॉन डायोड (करंटला एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा पार्ट) 0.7 व्होल्टला सुरू होतो, हे बारावीला सगळ्यांचं पाठ असतं. मग मल्टीमीटर डायोडच्या सेटिंगला लावला की तो 0.55 वगैरे दाखवतो आणि पोरं डायोड खराब समजून टाकून देतात, फार वाईट वाटतं बघून. अहो डायोड चांगला आहे, मीटर त्यातून जेमतेम 1 मिलिअँपच्या आसपास करंट सोडतो म्हणून आकडा कमी येतो. 0.7 ला काही दार उघडत नाही, करंट किती जातोय तसं व्होल्टेज बदलतं.

सामान अगदी कमी लागतं. 4007 नंबरचा डायोड (त्यावर 1N4007 असं छापलेलं असतं), 9 व्होल्टची बॅटरी, डिजिटल मल्टीमीटर आणि पाव वॅटचे चार रेझिस्टर : 1 मेग, 100 के, 10 के, 1 के (के म्हणजे हजार ओहम, मेग म्हणजे दहा लाख ओहम).

आधी 1 मेगचा घ्या. बॅटरीचा प्लस रेझिस्टरला, रेझिस्टरचं दुसरं टोक डायोडला आणि डायोडची पांढरी पट्टी असलेली बाजू मायनसला. डायोड बॅटरीला डायरेक्ट कधीच लावू नका, करंटला अडवायला काहीच उरत नाही. आता मीटर 2 व्होल्ट डीसीवर ठेवून डायोडच्या दोन टोकांवर प्रोब लावा आणि आकडा वहीत लिहा, मग रेझिस्टर बदलत बदलत तेच करा.

करंट वेगळा मोजायची गरज नाही, 9 मधून डायोडचं व्होल्टेज वजा करा आणि रेझिस्टरने भागा (बॅटरी जुनी असेल तर 9 च्या जागी तिचं खरं व्होल्टेज मोजून घ्या). 1 के ला साधारण 8.3 मिलिअँप येतात, 1 मेगला त्याच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास.

आता वही बघा. साधारण 0.35, 0.45, 0.55, 0.65 असे आकडे दिसतील, थोडे इकडेतिकडे. म्हणजे करंट दरवेळी दसपट झाला आणि व्होल्टेज फक्त 0.1 ने सरकलं! मला या सगळ्यात हेच सगळ्यात सुंदर वाटतं. विल्यम शॉकली या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने 1949 मध्ये मांडलेलं एक्स्पोनेन्शियल समीकरण ते हेच, आणि साध्या ग्राफवर रेघ आधी झोपलेली आणि मग एकदम उभी दिसते ती पण यामुळेच.

मग डायोड उलटा करा, मीटर 20 व्होल्टवर, 1 के चा रेझिस्टर. जवळपास अख्खी बॅटरी डायोडवरच दिसते, कारण उलट्या दिशेला जाणारा करंट इतका बारीक असतो की रेझिस्टरवर काही पडतच नाही.

शेवटी डायोड परत सरळ करा, 100 के लावा आणि डायोड दोन बोटांत नुसता धरून ठेवा. एका डिग्रीला साधारण 2 मिलिव्होल्ट या हिशोबाने आकडा खाली यायला लागतो, सोडला की हळूहळू परत वर चढतो.